पडद्यावरचे बेट आणि कर्लीचा काठ

उष्ण कटिबंधातले एखादे बेट, त्यावर हवे तिकडे फिरण्याची मोकळीक आणि हातात बंदूक, एवढ्या सामग्रीवर उभा असलेला व्हिडिओ गेमचा एक प्रकार गेली वीस वर्षे जगभर खेळला जात आहे. ‘फार क्राय’ ही मालिका त्याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. या प्रकाराला ‘ओपन वर्ल्ड शूटर’ म्हणतात. जुन्या नेमबाजीच्या खेळांत खेळाडू ठरवून दिलेल्या वाटेने एका बोळातून दुसऱ्या बोळात जात असे. दार उघडले की शत्रू, शत्रू संपले की पुढचे दार. ओपन वर्ल्डमध्ये अशी दारे नसतात. समोर डोंगर दिसला तर त्यावर चढता येते, खाली पाणी दिसले तर पोहून पलीकडे जाता येते, आणि शत्रूच्या ठाण्यावर कोणत्या बाजूने, दिवसा की रात्री, लपतछपत की थेट धडक मारून जायचे, हे खेळाडूच ठरवतो. खेळ बहुधा पात्राच्या डोळ्यांनी दिसतो. पडद्यावर स्वतःचे हात, हातातले शस्त्र आणि पुढ्यातले रान, एवढेच असते.

हे रान बेटावरचेच का, याचे उत्तर बरेचसे संगणकाच्या मर्यादांमध्ये सापडते. खेळातले जग कितीही मोठे केले तरी कुठेतरी संपणारच. शहराच्या किंवा वाळवंटाच्या कडेला अदृश्य भिंत उभी केली की ती खटकते. बेटाला समुद्राची हद्द जन्मतःच असते, आणि तिच्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. तरीही काही खेळाडू पोहत किंवा होडीने बाहेर निघतातच. पहिल्या ‘फार क्राय’मध्ये अशांच्या मागे हेलिकॉप्टर लागते, तर ‘क्रायसिस’ या अशाच खेळात शार्क येऊन त्यांचा निकाल लावतो. दुसरे कारण झाडीचे. दाट झाडी आणि मधले डोंगर पलीकडचे दृश्य अडवतात. जे दिसत नाही ते संगणकाला रंगवावे लागत नाही, त्यामुळे वाचलेली ताकद समोरच्या पानांवर आणि पाण्यावर खर्च करता येते. लपण्यासाठी, घात लावण्यासाठी अशी जागा खेळाडूलाही सोयीची ठरते.

मराठी वाचकाला या देखाव्यात अनोळखी असे फारसे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळ तालुक्यात, कर्ली नदीच्या काठी वालावल आहे. लक्ष्मीनारायणाचे जुने देऊळ, त्याला लागून तलाव, भोवती डोंगर, माडापोफळीच्या बागा आणि पुढे रुंद होत देवबागच्या संगमाकडे जाणारे कर्लीचे पात्र. खेळातल्या बेटाचे सारे घटक इथे हाकेच्या अंतरावर आहेत. जर्मनीत किंवा कॅनडात बसून खेळणाऱ्याला जे दूर देशीचे नंदनवन वाटते, ते इथल्या पोराच्या परसातले असते. म्हणूनच या खेळांनी काय साधले आणि त्यांचे काय हुकले, दोन्ही या काठावरून अधिक स्वच्छ दिसते.

‘फार क्राय’ मार्च 2004 मध्ये आला. तो बनवणारी ‘क्रायटेक’ ही कंपनी जेव्हात, अवनी आणि फारूक येर्ली या तीन भावांनी जर्मनीतल्या कोबुर्ग शहरात काढली होती. आरंभी त्यांनी डायनासोरांच्या बेटाचा एक छोटा नमुना तयार केला. नव्या ग्राफिक्स कार्डाची ताकद दाखवण्यासाठी एन्व्हिडिया कंपनीने तो वापरला, आणि त्याच तंत्रातून पुढे पूर्ण खेळ उभा राहिला. फ्रान्सच्या ‘युबिसॉफ्ट’ने तो प्रकाशित केला. नायक जॅक कार्व्हर हा होडी भाड्याने देणारा माजी सैनिक. मायक्रोनेशियातल्या एका बेटावर त्याची होडी उडवली जाते आणि खेळ सुरू होतो. खेळाडूंच्या तोंडी त्या वेळी सर्वांत आधी आली ती नजरेची झेप. अंधाऱ्या भुयारातून बाहेर पडल्यावर समोर उघडणारा निळा समुद्र, आणि एक किलोमीटरहून दूर दिसणारा किनारा. तो किनारा नुसते रंगवलेले चित्र नाही, तिथे खरोखर चालत जाता येते, ही गोष्ट 2004 मध्ये नवी होती.

यामागचे तंत्र समजायला कठीण नाही. जवळचे झाड हजारो छोट्या त्रिकोणांनी बनवतात. तेच झाड दूर गेले की त्याची जागा कमी त्रिकोणांची आकृती घेते, आणि आणखी दूर गेले की एक सपाट चित्र. शिवाय मोजक्याच झाडांचे नमुने तयार करून, कमीजास्त उंचीने आणि वेगवेगळ्या कोनांत फिरवून, ते हजारो ठिकाणी लावले जातात. दगडाचा किंवा कातडीचा खडबडीतपणा प्रत्यक्ष आकारात न घडवता प्रकाशाच्या हिशोबातून भासवायचा, ही युक्तीही क्रायटेकने त्या काळात मोठ्या प्रमाणावर वापरली. डोळ्याला जिवंत रान दिसते. संगणकाच्या दृष्टीने ती काटकसर असते.

नाराजीही पहिल्याच खेळात उमटली. हवे तेव्हा खेळ जपून ठेवण्याची सोय मूळ खेळात नव्हती. ठरलेल्या टप्प्यापर्यंत पोहोचण्याआधी मरण आले की बराच भाग पुन्हा खेळावा लागे. पहारेकऱ्यांची नजर फार तीक्ष्ण, झाडीआड लपलेल्यालाही ते लांबून टिपतात, अशी तक्रार होती. मात्र ते एका जागी थांबून गोळ्या न खाता बाजूने वळसा घालून येतात, याचे कौतुक तेच खेळाडू करत. सर्वांत मोठा रोष उत्तरार्धावर होता. प्रयोगशाळेत तयार झालेले विद्रूप प्राणी येतात, मोकळे बेट मागे पडते आणि पुन्हा बंद खोल्या सुरू होतात. क्रायटेकचाच ‘क्रायसिस’ नोव्हेंबर 2007 मध्ये आला. त्यातले लिंगशान बेट अधिकच देखणे होते, इतके की त्या काळचे बहुतेक संगणक त्याच्यापुढे थकत. नवा संगणक घेतला की त्यावर ‘क्रायसिस’ चालतो का, हा प्रश्न जगभरच्या गेमरांमध्ये परवलीचा झाला. पण तिथेही पहिला अर्धा भाग बेटाचा आणि नंतरचा परग्रहवासीयांचा; आणि तिथेही खेळाडूंना पहिलाच अर्धा भाग लक्षात राहिला. बेट ही या खेळांची नुसती पार्श्वभूमी नाही, खेळाचा आनंदच तिच्यात आहे, हे खेळाडूंनी बनवणाऱ्यांच्या आधी ओळखले होते.

‘फार क्राय’चे हक्क युबिसॉफ्टकडे गेले. 2008 चा दुसरा भाग आफ्रिकेत घडतो. त्यात नायकाला मलेरिया होतो, वापरून जुनी झालेली बंदूक ऐन वेळी अडकते, वाऱ्याबरोबर वणवा पसरतो. काहींना ही कठोरता आवडली. साफ केलेल्या चौक्या पाठ वळताच पुन्हा भरतात, याने मात्र बहुतेक जण वैतागले.

मग आला ‘फार क्राय 3’. युरोपात 29 नोव्हेंबर 2012 ला आणि उत्तर अमेरिकेत 4 डिसेंबरला तो बाजारात आला. मुख्य काम युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओचे. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांच्या दरम्यान कल्पिलेली रूक बेटे ही त्याची भूमी. जेसन ब्रोडी हा श्रीमंत घरातला अमेरिकन तरुण भावंडे-मित्रांबरोबर सुटीवर येतो, सगळे जण चाच्यांच्या तावडीत सापडतात, जेसन निसटतो आणि बाकीच्यांना सोडवता सोडवता स्वतःच निर्ढावलेला मारेकरी होत जातो. आज या प्रकाराबद्दल खेळाडू बोलू लागले की त्यांच्या बोलण्यात हाच खेळ सर्वांत जास्त येतो.

त्याची आठवण सांगताना बहुतेक जण कथेआधी चौक्यांवर येतात. बेटांवर शत्रूंच्या 34 चौक्या आहेत. प्रत्येक चौकीत काही पहारेकरी, धोक्याची घंटा वाजवणारे खांब, आणि पुष्कळदा पिंजऱ्यात कोंडलेला वाघ, बिबट्या किंवा अस्वल. डोंगराच्या कडेला झोपून दुर्बिणीतून एकेक पहारेकरी हेरायचा, आधी घंटा निकामी करायच्या, मग गवतातून सरपटत मागून जायचे. किंवा लांबूनच एक गोळी पिंजऱ्याच्या दारावर मारायची आणि सुटलेल्या वाघाला उरलेले काम करू द्यायचे. कोणाच्याही नजरेस न पडता चौकी जिंकली तर जास्त गुण मिळतात. एकच चौकी दोघांनी दोन तऱ्हांनी जिंकलेली असते, म्हणून प्रत्येकाकडे सांगण्यासारखे स्वतःचे काही उरते. त्यात न ठरवलेल्या गोष्टींची भर पडते. ठाण्यावर चाल करून जाताना झुडपातून कॅसोवरी पक्षी अंगावर येतो, चाचे आणि बेटवासी यांची आपसांत चकमक जुंपते, आग लागते आणि वारा ती खेळाडूकडेच ढकलतो. लेखकाने लिहिलेल्या प्रसंगापेक्षा यंत्रणांच्या टकरीतून आपोआप घडलेला प्रसंग खेळाडूला अधिक आपला वाटतो. ‘फार क्राय 3’चे खरे यश इथे आहे.

दुसरी आठवण खलनायकाची. वास मॉन्टेनेग्रो हा चाच्यांचा म्होरक्या खेळात फार थोडा वेळ दिसतो, तरी वेष्टनावर चेहरा त्याचाच आहे, नायकाचा नाही. मायकेल मँडो या कॅनेडियन अभिनेत्याने त्याला आवाज दिला, शिवाय अंगाला खुणा लावून केलेल्या चित्रणातून हालचाली आणि हावभावही दिले. आधी वेगळ्याच अंगलटीचा खलनायक योजला होता; मँडोची चाचणी पाहिल्यावर पात्र त्याच्याप्रमाणे बदलण्यात आले. हसता हसता एकाएकी भडकणारा, समोरच्याशी अगदी जवळ येऊन बोलणारा वास हा खेळाडूंच्या मते या माध्यमातला सर्वांत लक्षात राहणाऱ्या खलनायकांपैकी एक आहे. म्हणूनच कथेच्या मध्यावर तो मरतो तेव्हा अनेकांचा रस ओसरला. पुढचा खलनायक हॉइट त्याच्या पासंगाला पुरत नाही, आणि वासशी होणारी अखेरची झुंजही प्रत्यक्ष लढाई नसून पडद्यावर दिसेल ते बटण वेळेवर दाबण्याची कसरत आहे, ही तक्रार आजही ऐकू येते.

तिसरी गोष्ट कंटाळ्याची. बेटांवर 18 रेडिओ मनोरे आहेत. त्यांच्यावर चढले की नकाशाचा तेवढा भाग उलगडतो. पहिले पाच-सहा मनोरे चढताना मजा येते, कारण वर पोहोचण्याची वाट हेच एक कोडे असते. पुढे ते काम होऊन बसते. पैसे ठेवायचे पाकीट मोठे करायला प्राण्यांची कातडी लागते, गोळ्यांची पिशवी वाढवायची तर आणखी वेगळ्या प्राण्याची. पडद्यावर सतत सूचना उमटत राहतात. पुढे खेळाडूंच्या मागणीवरून त्या बंद करण्याची आणि जिंकलेल्या चौक्या पुन्हा भरण्याची सोय देण्यात आली. मनोरे, चौक्या, शिकार, गोळा करायच्या वस्तू हा साचा युबिसॉफ्टने पुढे इतक्या खेळांत वापरला की खेळाडूंना त्याचा वीट आला. 2018 च्या ‘फार क्राय 5’मध्ये मनोऱ्यांची ही पद्धत काढून टाकली, आणि एक पात्र नायकाला तसे बोलूनही दाखवते.

वालावलच्या काठावरून पाहिले तर ‘फार क्राय 3’मधली एक गोष्ट सर्वांत आधी डोळ्यांत भरते: त्या पाण्याला भरती-ओहोटी नाही. कर्लीच्या खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढते आणि उतरते. खाऱ्या पाण्याच्या या येण्याजाण्यावर कांदळवन उभे राहते, चिखलातल्या खेकड्या-कालवांची वेळ ठरते, होडी कुठे लागेल आणि कुठे रुतेल तेही ठरते. खेळातला किनारा मात्र चोवीस तास एकाच रेषेवर थांबलेला. पावसाचेही तसेच. रूक बेटांवर सर येते, जाते, आकाश पुन्हा निळे होते. जून ते सप्टेंबर डोंगर धुऊन काढणारा, कातळावर गवत उगवणारा, वहाळ फुगवून साकव पाण्याखाली घालणारा आणि समुद्रातली मासेमारी बंद ठेवायला लावणारा पाऊस तिथे नाही. त्यामुळे ऋतू नाहीत, आणि ऋतू नाहीत म्हणून काम नाही. अमानाकी गावातली माणसे उभी राहतात, फिरतात, जुगाराच्या टेबलाशी बसतात. दुकानात बंदुका मिळतात. पण रापण ओढणारी, माडावर चढणारी, पावसाआधी घर शाकारणारी माणसे असती तर त्या बेटाला वेळ मिळाली असती. बेटाचे निसर्गचित्र उत्तम उतरले आहे, बेटाचे पंचांग उतरलेले नाही.

प्राण्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. रूक बेटांवर वाघ, बिबट्या, अस्वल आणि तापीर आहेत, त्याच झाडीत कॅसोवरी आणि डिंगो आहेत, आणि कोमोडो ड्रॅगनही आहे. प्रत्यक्षात वाघ आणि तापीर आशियाच्या बाजूचे. कॅसोवरी न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाकडचा. या दोन प्राणिसृष्टींमध्ये समुद्रातून जाणारी सीमा आल्फ्रेड रसेल वॉलेस याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. बाली आणि लोंबोक ही बेटे एकमेकांपासून अवघ्या पस्तीसेक किलोमीटरवर, पण मधला समुद्र खोल असल्याने हिमयुगात पाणी उतरले तेव्हाही जोडली गेली नाहीत. म्हणून दोन्हींवरचे प्राणी-पक्षी इतके वेगळे. खेळात ही रेषा पुसलेली आहे. खेळाडूला त्याने काही अडत नाही, उलट विविधता वाढते. पण एकीकडचा वाघ, दुसरीकडचा पक्षी आणि दोन्ही मिळून ‘उष्ण प्रदेश’, अशी ही जुळणी आहे, आणि माणसांच्या बाबतीतही तीच पद्धत वापरली आहे. बेटवासी ‘रक्यात’ जमातीचे नाव मलय भाषेतले, तर जेसनच्या हातावर उमटत जाणारे ‘टटाऊ’ गोंदण पॉलिनेशियातले. बेटावर दुसऱ्या महायुद्धातले जपानी बंकर आणि सैनिकांची हरवलेली पत्रे सापडतात. खऱ्या इतिहासाला सर्वांत जवळ जाणारा धागा तोच, कारण त्या भागातली कित्येक बेटे तेव्हा खरोखरच जपानच्या ताब्यात होती.

याच जागी खेळाडूंमध्ये आणि समीक्षकांमध्ये मोठा वाद झाला. परका तरुण येतो, काही दिवसांत स्थानिकांपेक्षा चांगला योद्धा होतो, त्यांची प्रमुख सिट्रा त्याच्यावर भाळते आणि बेटाची सुटका त्याच्या हातून होते. ही गोरा तारणहार मागासलेल्यांचे भले करतो अशी जुनी वसाहतवादी कथाच आहे, असा आक्षेप घेतला गेला. लेखक जेफ्री योहालेम याचे म्हणणे असे की हा साचा मुद्दाम अतिरंजित करून त्यातली पोकळी दाखवण्याचा हेतू होता. प्रकरणांच्या आरंभी ‘ॲलिस’च्या गोष्टीतले उतारे घातले आहेत ते त्यासाठीच. शेवटी मित्रांना मारून बेटावर राहण्याचा पर्याय निवडला तर सिट्रा जेसनलाच भोसकते, हेही या बाजूने सांगता येते. बचावात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. विडंबन कळायला ज्याचे विडंबन होते त्याला आवाज हवा, आणि रूक बेटांवरच्या साध्या माणसाला जेसनला धन्यवाद देण्यापलीकडे फारसे बोलायला मिळत नाही. समुद्रातल्या बेटावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकतात, याचे उत्तर मालवणच्या समोर उभे आहे. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गात चहूकडून खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि किल्ल्यात आजही वस्ती आहे. गोडे पाणी कुठे आहे, हा बेटावरचा पहिला प्रश्न. ‘फार क्राय’च्या नायकाला तहान लागत नाही.

आकाराचा मुद्दाही खेळाडूंच्या बोलण्यात नेहमी येतो. 2010 च्या ‘जस्ट कॉज 2’मधले पनाऊ हे आग्नेय आशियाई धर्तीचे कल्पित बेटराष्ट्र सुमारे एक हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे. विमानातून ते डोळ्यांत मावत नाही, पण जमिनीवर उतरल्यावर मैलोन्‌मैल काही घडत नाही, असा अनेकांचा अनुभव. लहान आणि दाट बेट मोठ्या आणि विरळ बेटापेक्षा खेळायला चांगले, हे पुढे भ्रमणध्वनीवरच्या खेळांनी सिद्ध केले.

महाराष्ट्रातल्या गावांत हा प्रकार पोहोचला तो भ्रमणध्वनीवरूनच. ‘फार क्राय’ आणि ‘क्रायसिस’ चालवायला महाग संगणक लागे; तो मुंबई-पुण्यात काही घरांत आणि काही सायबर कॅफेंमध्ये असे. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि 2018 मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाच्या कल्पनेतून घडलेल्या या खेळात शंभर खेळाडू विमानातून बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, आणि आकसत जाणाऱ्या वर्तुळात शेवटचा उरतो तो जिंकतो. कथा नाही, खलनायक नाही. समोर असतात ती खरी माणसे. मूळचा एरांगेल नकाशा 8 किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद. सान्हॉक हे उष्ण कटिबंधातले बेट थायलंड आणि फिलिपिन्सवर बेतलेले, एका बाजूस फक्त 4 किलोमीटर. शंभर माणसे एवढ्याशा झाडीत उतरल्यावर पहिल्या मिनिटापासून गोळीबार सुरू होतो. सान्हॉक आवडणारे याच वेगासाठी त्याला पसंती देतात, आणि न आवडणारे म्हणतात की तिथे डोके चालवायला उसंतच मिळत नाही. कमी ताकदीच्या फोनवर चालणाऱ्या ‘फ्री फायर’चा बर्म्युडा हा नकाशाही बेटच आहे.

सान्हॉकची झाडी, लाल मातीच्या वाटा आणि अवचित येणारा पाऊस कोकणातल्या खेळाडूला ओळखीचा वाटावा असाच आहे. पण त्या गवतात एक फसवणूक दडलेली आहे. फोनची ताकद वाचवण्यासाठी खेळ गवत फक्त जवळपासचे रंगवतो. पालथा पडून गवतात लपलेल्या खेळाडूला स्वतःच्या पडद्यावर भोवती हिरवळ दिसते. तीनशे मीटरवरच्या शत्रूच्या पडद्यावर मात्र ते गवत नसते, आणि हा मोकळ्या जमिनीवर पडलेला स्पष्ट दिसतो. नवखे खेळाडू ‘मी तर गवतात होतो’ म्हणत मरतात. मुरलेले खेळाडू गवतावर भरवसा न ठेवता झाडाचा बुंधा, दगड किंवा उताराची कड शोधतात, कारण त्या वस्तू सर्वांच्या पडद्यावर सारख्याच असतात. दुसरी अडचण पडद्याबाहेरची. डोंगरांच्या बेचक्यात वसलेल्या गावांत नेटवर्कचा जोर घराघराला बदलतो. पिंग, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यातला उशीर, वाढला की समोरचा माणूस एका जागी थिजतो आणि क्षणात दुसरीकडे उगवतो. तोवर आपण मेलेलो असतो. म्हणून खेळायची जागा सावलीपेक्षा रेंज पाहून निवडली जाते. गणपतीला चाकरमान्यांबरोबर मुंबईची मुले गावी आली की स्क्वाड एकाच पडवीत जमतो आणि सूचना मालवणीतून सुटतात. हा खेळ एकट्याचा नाही, हे तिथे पाहिल्यावर कळते.

पालकांची चिंता खरी होती आणि आहे. एक डाव अर्ध्या तासाचा, हरल्यावर लगेच दुसरा सुरू होतो, आणि तो मध्येच सोडला तर जोडीदारांचे नुकसान होते. त्यामुळे हाक मारल्यावर मूल उठत नाही. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी घातली, त्यांत ‘पबजी मोबाइल’ होता. कारण मुलांच्या सवयींचे नसून चीनशी संबंधित ॲपमधून माहिती बाहेर जाण्याचे आणि देशाच्या सुरक्षेचे होते. जुलै 2021 मध्ये ‘क्राफ्टन’ या दक्षिण कोरियन कंपनीने तोच खेळ भारतासाठी ‘बीजीएमआय’ नावाने आणला. जुलै 2022 मध्ये तोही ॲप स्टोअरवरून निघाला आणि मे 2023 मध्ये अटींसह परतला. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, इतरांना सहा तास, अशी मर्यादा त्यात आली. वयाची नोंद फोनवर होते, आणि फोन बहुधा आईवडिलांच्या नावावर असतो. तेव्हा ही मर्यादा घरातल्यांनी लक्ष घातले तरच पाळली जाते.

असे बेट घडवण्याचे काम किती बारकाईचे असते याची कल्पना ‘आर्मा 3’ या खेळावरून येते. चेक प्रजासत्ताकातल्या ‘बोहेमिया इंटरॲक्टिव्ह’ने त्याचे आल्टिस बेट ग्रीसच्या लेमनॉसवर बेतले. कंपनीचे दोघे कर्मचारी 2012 मध्ये तिथे गेले असता लष्करी जागांची छायाचित्रे घेतल्याच्या आरोपाखाली पकडले गेले आणि चार महिन्यांनी जामिनावर सुटले. आपण सुटीवर आलो होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच खेळात 2016 मध्ये आलेले तनोआ हे दक्षिण पॅसिफिकातले बेट, आणि दाट जंगल, साखरेचा कारखाना, बंदर, झुलते पूल अशा माणसांच्या कामाच्या खुणा असल्यामुळे ते अनेकांना ‘फार क्राय’च्या बेटांपेक्षा खरे वाटले.

हे कौशल्य महाराष्ट्रात आहे. ‘फार क्राय’ची मालक असलेल्या युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ 2008 पासून चालू आहे. 2018 मध्ये मुंबईतही एक उघडला. पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ने 16 ऑक्टोबर 2024 ला ‘इंडस’ हा ‘बॅटल रॉयल’, म्हणजे ‘पबजी’च्या प्रकारचा खेळ आणला. त्यातली भूमी विर्लोक नावाची, वास्तुरचना आणि पात्रे भारतीय पुराणवस्तूंना भविष्यात नेऊन घडवलेली, आणि शेवटचा उरण्याऐवजी ‘कॉस्मियम’ ताब्यात घेऊनही जिंकण्याची सोय. ‘डॉट9 गेम्स’ने बनवलेला ‘फौजी: डॉमिनेशन’ जानेवारी 2025 मध्ये आला, त्याचे नकाशे भारतातल्या ठिकाणांवर बेतलेले आहेत, आणि तो मोकळ्या बेटाचा नसून दोन चमूंच्या आखीव लढतीचा खेळ आहे. मराठी मुलाच्या फोनवर माडांचे बेट आजही सान्हॉकच्या रूपातच येते. कर्लीच्या खाडीवर बेतलेला नकाशा करायचा झाला तर चार किलोमीटरच्या चौकोनात सामग्री भरपूर आहे. दर सहा तासांनी उलटणारे पाणी आणि त्याबरोबर उघडे पडणारे चिखलाचे पट्टे, कांदळातल्या होडीच्या वाटा, जांभ्याचे गडगे आणि त्यांच्यामधल्या अरुंद पाणंदी, पोफळीच्या बागेतला मांगर, आणि आषाढात दहा पावलांपलीकडचे दिसू न देणारा पाऊस. ओहोटीला चालत ओलांडलेली खाडी भरतीला परतीची वाट बंद करते, आणि अशा बेटावर वेळ पाहिल्याशिवाय कोणालाही चाल करता येणार नाही.